न कातरणारं वाण

वायनेमा बिगपॉन्ड आमच्या कारखान्यात पहिल्यांदा आली ती मुलाखतीसाठी. पण आल्या आल्या तिनेच माझी उलटतपासणी सुरू केली. टाक्या कशाने धुता, हवा कुठून आत घेता, वीज गेली तर जनित्र आपोआप चालू होतं की कुणाला तरी पळावं लागतं. मी हातातली नळी खाली ठेवली आणि म्हटलं, "बाई, मुलाखत तुमची आहे की माझी?"

"दोघांची," ती म्हणाली. "वाण मी करीन, पण वाढवणार तुम्ही. तुम्हाला जमत नसेल तर आत्ताच सांगा. उन्हं उतरायच्या आत ओकमल्गीला घरी परत पोचते."

तशी ती होती. उंच, रुंद खांद्यांची, केसांची जाड वेणी पाठीवर, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. कॅलिफोर्नियातल्या मोठ्या प्रयोगशाळेतली नोकरी सोडून ती आमच्या हॅरोल्टनसारख्या गावात का येतेय, हे आम्हाला कुणालाच कळेना. हॅरोल्टन म्हणजे टल्सा शहरापासून दीड तासावरचं, एका रस्त्याचं गाव. दूध पावडरीचा कारखाना बंद पडला तेव्हा अर्धं गाव उठून गेलं. मी राहिलो, कारण मला त्या टाक्या सोडून दुसरं काही येत नव्हतं. मग डॉक्टर एल्डन क्विग्ली नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने तो कारखाना घेतला. दुधाच्या टाक्यांत त्याला यीस्ट वाढवायचं होतं. पाव फुगवणारं, दारू आंबवणारं तेच यीस्ट, पण त्याच्या पोटात माणसाचं एखादं जनुक घालायचं, म्हणजे ते माणसाचं प्रथिन बनवून बाहेर टाकतं. ते गाळायचं, स्वच्छ करायचं, औषध म्हणून विकायचं. दुधाच्या जागी यीस्ट आलं, बाकी माझं काम तेच राहिलं: धुणं, तापवणं, गार करणं आणि वास घेणं. सकाळी दार उघडलं की बेकरीत आल्यासारखं वाटायचं.

आठवड्याभरात आमचं अहो-जाहो संपलं. तिने मला नावाने हाक मारायला सुरुवात केली, मीही तिला. डॉक्टर क्विग्लींना मात्र ती डॉक्टरच म्हणायची, आणि भांडायचं असलं की जास्तच आदराने म्हणायची.

ती का आली होती ते मला वसंताच्या सुरुवातीला कळलं. ती मस्कोगी, म्हणजे या भूमीच्या मूळ रहिवाशांच्या एका जमातीतली. तिच्या लोकांच्या चर्चमध्ये त्या दिवसांत रानकांद्याचं जेवण असतं. थंडी सरताना ओढ्याकाठी उगवलेली कोवळी कांद्याची पात खणून आणायची, अंड्यांबरोबर परतायची, आणि शेकडो माणसांना जेवायला घालायचं. तिने मला नेलं. दारातच एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई उभी होती. ती तिची मावशी लुसिंडा. वायनेमाची आई ती लहान असतानाच गेली. मावशीने वाढवलं. त्यांच्यात मावशीला धाकटी आईच म्हणतात.

"हा गोरा कोण?" मावशींनी माझ्याकडे न बघता विचारलं. "नवरा केलास की काय, न सांगता?"

"नाही गं धाकटे आई. हा डॉयल प्रूइट. टाक्या धुतो."

"असं? मग नवऱ्यापेक्षा कामाचा दिसतोय. बस रे बाबा, बस. सोफ्की घे."

सोफ्की म्हणजे मक्याची आंबील. मावशी स्वतः मोठ्या पातेल्यातून वाढत होत्या. माझ्या पेल्यात ओतता ओतता त्यांचा हात मध्येच थांबला. बोटं ताठ झाली, एकत्र आली आणि आत वळली, जणू पक्ष्याची चोच. पळी निसटली. मावशींनी ती दुसऱ्या हाताने उचलली, पुसली आणि पुढच्याला वाढलं. बाकावर बसलेल्या एकानेही बघितल्याचं दाखवलं नाही. वायनेमा मात्र उठली, त्यांच्या पिशवीतून कॅल्शियमच्या गोळ्या काढल्या आणि हातावर ठेवल्या.

"चार घेतल्यात सकाळी," मावशी पुटपुटल्या.

"मग अजून दोन घे."

"खडू खाऊन खाऊन माझा फळा होणार एक दिवस."

परतीच्या वाटेवर गाडीत तिने सांगितलं. मावशींच्या गळ्यात मोठी गाठ झाली होती, ती काढावी लागली. गाठीच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात. त्या गाठीला इतक्या चिकटल्या होत्या की वाचवता आल्या नाहीत. कुणाचा दोष नाही. पण रक्तातलं कॅल्शियम सांभाळणारा रस त्याच ग्रंथी बनवतात. तो थांबला की हात वळतात, ओठांना मुंग्या येतात, आणि फारच बिघडलं तर हृदय बंद पडू शकतं. गोळ्यांनी भागतं, पण नीट नाही, आणि वर्षानुवर्षं गोळ्या खाऊन मूत्रपिंडांचे दगड होतात.

"तो रस बाहेरून देता येत नाही?" मी विचारलं.

"कुणी बनवून दिला तर येईल. तेच तर करायला आलेय. क्विग्लींच्या यादीत तो एकच पदार्थ मला हवा होता."

त्या रसातलं प्रथिन म्हणजे चौऱ्याऐंशी मण्यांची माळ. मणी म्हणजे प्रथिनाचे घटक. ठरलेल्या क्रमाने ओवलेले असले आणि माळ अखंड असली तरच शरीर तिला ओळखतं. वायनेमाने जनुक यीस्टमध्ये घातलं, यीस्टने माळ ओवलीही. पण आम्ही पहिलं पाणी गाळून तपासलं तेव्हा प्रथिनं लांबीप्रमाणे वेगळी दाखवणाऱ्या काचेवर जिथे एक जाड पट्टी दिसायला हवी होती तिथे पुसट रेघ होती, आणि खाली दोन ठसठशीत पट्ट्या. म्हणजे माळ मधेच तुटलेली. यीस्ट एका हाताने ओवत होतं आणि दुसऱ्या हाताने कातरत होतं.

तसं ते स्वाभाविक होतं. यीस्टच्या अंगात प्रथिनं कापणाऱ्या बऱ्याच कात्र्या असतात. जुनं मोडून नवं बनवायला त्या त्याला लागतात. आपण घुसवलेलं प्रथिन त्याला परकं. दिसलं की कापलं.

क्विग्लींनी बैठक बोलावली. ते साठीचे, सडपातळ, गळ्यात कायम बो-टाय, आणि रसायनशास्त्रात खरोखर पक्के. त्यांनी फळ्यावर माळ काढली आणि एका ठिकाणी खूण केली.

"इथे कापतंय. हे दोन मणी शेजारी आले की कात्रीला आवडतात. यातला एक बदलू. कात्रीला ओळखता येणार नाही. महिन्यात काम होईल."

"डॉक्टर, मग ते आपलं प्रथिन होईल," वायनेमा म्हणाली. "माणसाचं नाही."

"एक मणी, वायनेमा. चौऱ्याऐंशीतला एक."

"शरीराला कळेल. आज नाही कळलं तर सहा महिन्यांनी कळेल. हे औषध आठवडाभर नाही घ्यायचं, जन्मभर घ्यायचं आहे. मला माळेला हात लावायचा नाही. यीस्टला लावते."

"यीस्टच्या कात्र्या डझनांनी आहेत. तू कुठली काढणार?"

"जी कापतेय ती."

क्विग्ली हसले. "वा! किती सोपं."

"सोपं नाही डॉक्टर, पण सरळ आहे."

शेवटी ठरलं की दोघांनी आपापल्या वाटेने जायचं. क्विग्लींनी खरंच महिन्यात बदललेली माळ बनवली. अखंड आली. मीच ती टाकी चालवली होती, फेस नाही, कटकट नाही. कारखान्यात सगळे त्यांच्याकडे झुकले. मीसुद्धा. दुपारी डबा खाताना मी तिला म्हटलं, "म्हातारा जिंकला की गं."

"अजून कुणी कुणाला टोचलंय का?" ती शांतपणे म्हणाली आणि माझ्या डब्यातलं लोणचं उचलून घेतलं.

मग तो पदार्थ हाडांच्या पेशींवर घालून बघितला. चालत होता, पण अर्ध्याच जोराने. क्विग्लींनी स्वतःच आकडे सगळ्यांसमोर वाचले, एकही लपवला नाही. म्हणाले, "मात्रा दुप्पट केली की भागेल." पण आवाजात आधीची खात्री नव्हती.

वायनेमाचं तोपर्यंत निम्मं काम झालं होतं. यीस्टच्या पेशीत एक कोठा असतो, त्यात कात्र्यांची फौज असते, आणि त्या फौजेला जागं करणारी एक मुकादम कात्री असते. मुकादम काढला की फौज झोपते. वायनेमाने त्या मुकादमाचं जनुकच कापून काढलं आणि तिथे दुसराच तुकडा बसवला. ज्या पेशींत हा बदल नीट झाला, त्याच ठरावीक ताटलीवर वाढतील अशी योजना होती. त्या वाढल्या. टपोऱ्या, पांढऱ्या ठिपक्यांनी ताटली भरली. आम्हाला वाटलं, झालं. पट्ट्या बघितल्या तर वरची थोडी जाड झाली होती, पण खालच्या दोन जशाच्या तशा.

दुसरा कुणी असता तर हिरमुसला असता. ही शिट्टी वाजवत आली.

"डॉयल, यीस्ट गाळून दे. पेशी वेगळ्या, पाणी वेगळं. दोन्ही हवंय."

तिने काय केलं, तर बाजारातून विकत आणलेली अखंड माळ दोन बाटल्यांत घातली. एकीत यीस्टचं नुसतं पाणी, दुसरीत धुतलेल्या, जिवंत पेशी. पाण्यातली माळ सकाळपर्यंत शाबूत राहिली. पेशींबरोबरची तासाभरात तुटली. मग तिने मुकादम नसलेल्या पेशी घेतल्या. त्याही तेवढ्याच वेगाने कापत होत्या.

"म्हणजे कात्री पोटात नाहीच," ती म्हणाली. "कातडीवर आहे. माळ घरात कुणी कापत नाही, उंबरठा ओलांडताना कापतात."

कातडीवर राहणाऱ्या आणि नेमक्या त्या दोन मण्यांपाशी कापणाऱ्या कात्र्या फार नव्हत्या. तिने एकेक काढून बघितली. तिसरी काढली तेव्हा वरची पट्टी काळीभोर आली आणि खाली काहीच नाही. कोरी काच. तिने ती काच खिडकीत उजेडासमोर धरली आणि क्विग्लींना हाक मारली. ते आले, चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले.

"सुंदर," ते म्हणाले. तेवढंच.

आता या वाणात दोन कात्र्या नव्हत्या. पोटातला मुकादम आणि कातडीवरची ती. मुकादम गुन्हेगार नव्हता हे आता कळलं होतं. पण वायनेमाने त्याला परत बसवलं नाही. "नसलेला बरा," ती म्हणाली. "दाराला दोन कड्या असल्या तर बिघडलं कुठे?" मलाही पटलं. लहान बाटल्यांत वाण छान वाढत होतं.

न्यू जर्सीच्या ज्या औषध कंपनीला हा माल हवा होता, तिच्या बाई सोमवारी येणार होत्या. रोझालिंड फीनी. त्यांना मोठ्या टाकीतला माल दाखवायचा होता. मी शुक्रवारी टाकी भरली. शनिवारी सगळं उत्तम होतं. यीस्ट वाढून वाढून दाट झालं, श्रीखंडासारखं. आम्ही साखरेचं पाणी बेताबेताने सोडत होतो. एवढ्या गर्दीत प्रत्येक पेशीला पोटभर मिळत नाही. थोडी उपासमार होतेच, आणि साधं यीस्ट ती सहज काढतं.

रविवारी सकाळी मी आत आलो तेव्हा वास वेगळा होता. पावाचा नाही. उकडलेल्या अंड्याचा, आणि त्याखाली काहीतरी शिळं. टाकीच्या झाकणातून फेस बाहेर येत होता. मी फेस मोडायचं तेल घातलं, ढवळणारा पंखा मंद केला, हवा कमी केली. फेस थांबेना. पायऱ्यांवरून उतरून तो फरशीवर पसरला, गटारीच्या जाळीवर चढून बसला. मी घोट्यापर्यंत त्यात उभा राहून वायनेमाला फोन लावला. ती चर्चमध्ये असणार हे मला माहीत होतं. निरोप ठेवला.

ती आली तशीच आली. निळा झगा, मण्यांची कर्णफुलं, हातात बूट. दारात उभी राहून तिने एकदा सगळीकडे नजर फिरवली आणि बूट बाहेर ठेवून आत शिरली.

"पेशी फुटल्यात," ती म्हणाली. फेसाचा थेंब तिने काचपट्टीवर घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली घातला आणि मला बोलावलं. गोल, टणटणीत पेशींच्या जागी नुसती टरफलं होती. त्यांच्या पोटातला सगळा मालमसाला पाण्यात सांडला होता आणि त्यात आमची अखंड माळ कुठेतरी बुडाली होती.

तिने परत एकदा काचेतून बघितलं. मग हसायलाच लागली.

"काय झालं?"

"डॉयल, उपासमार झाली की यीस्ट काय करतं? घरातलं जुनं सामान मोडून खातं. आणि मोडायचं कशाने? मुकादमाच्या फौजेने. मी त्याची फौजच काढून घेतली. बाटलीत त्याला भूक लागलीच नाही, म्हणून कळलं नाही. तुझ्या टाकीत भूक लागली, आणि मोडून खायला हात नाहीत."

"मग आता?"

"आता फरशी धुऊ. उद्या पाहुणी येतेय."

आम्ही दोघांनी दुपारपर्यंत फरशी धुतली. तिने तो निळा झगा कमरेला खोचला होता. मधेच मावशींचा फोन आला, जेवायला कुठे आहेस म्हणून. तिने फोन कानाशी खांद्याने धरून सांगितलं, "धाकटे आई, तुझं औषध सगळं जमिनीवर सांडलंय. पुसतेय." पलीकडून मावशी काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही, पण वायनेमा परत हसली.

सोमवारी फीनीबाई आल्या. नीटनेटक्या, थोड्या घाईतल्या. आम्ही सगळे बैठकीच्या खोलीत बसलो. मला वाटलं, क्विग्ली काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेतील. पण आधी वायनेमाच बोलली.

"माल नाही. काल टाकी फुकट गेली. चूक माझी. एक कात्री काढायला हवी होती, मी दोन काढल्या. पोटातली काढून यीस्ट दुबळं झालं."

"ज्या कात्रीबद्दल तुम्ही मला तीन महिन्यांपूर्वी एवढ्या अभिमानाने पत्र पाठवलं होतं, ती?" फीनीबाईंनी विचारलं.

"तीच. ती निर्दोष होती."

"आता काय करणार?"

"मूळ वाणापासून परत सुरुवात. पोटातल्याला हात लावायचा नाही. फक्त कातडीवरची काढायची. रस्ता माहीत आहे, त्यामुळे वेळ कमी लागेल. पण तुमचा या खेपेचा वायदा हुकेल."

फीनीबाईंनी क्विग्लींकडे वळून विचारलं, "तुमची ती बदललेली माळ तयार आहे ना?"

"आहे. शीतकपाटात आहे. आज घेऊन जाऊ शकता."

मी वायनेमाकडे बघितलं. तिचा चेहरा हलला नाही.

क्विग्ली पुढे म्हणाले, "द्या म्हणालात तर देईन. माझा धंदा आहे. पण तुम्ही मला विचारलंत म्हणून सांगतो. मी तुमच्या जागी असतो तर हिच्यासाठी थांबलो असतो. माझी माळ अर्ध्या जोराने चालते. का, ते मला माहीत नाही. आणि जे मला माहीत नाही ते जन्मभर कुणाच्या रक्तात सोडायचं, हे मला नको वाटतं."

फीनीबाई थोडा वेळ पेन टेबलावर आपटत बसल्या. मग म्हणाल्या, "थांबते. पण यापुढे अभिमानाची पत्रं नकोत. माल झाला की पाठवा."

त्या गेल्यावर वायनेमा क्विग्लींना म्हणाली, "डॉक्टर, आभार."

"आभार कसले? तुझं बरोबर होतं म्हणून म्हटलं. चूक असतं तर त्यांच्याच समोर तुला उघडं पाडलं असतं."

"ते माहीतच आहे मला."

नवं वाण झालं. एकच जनुक काढलेलं, बाकी यीस्ट जसंच्या तसं, धडधाकट. या वेळी वायनेमाने बाटलीवर विश्वास ठेवला नाही. लहान टाकीत घातलं आणि मुद्दाम उपाशी ठेवलं. माझ्या जिवाला घोर. ती म्हणाली, "मरायचं असेल तर इथेच मरू दे." मेलं नाही. भूक काढली आणि साखर मिळताच परत जोमाने वाढलं. मग मोठ्या टाकीत घातलं. मी माझ्या बाजूने तापमान जरा खाली ठेवलं, साखर सोडायचा वेग दर तासाला तिच्याबरोबर ठरवला. शेवटच्या दिवशी टाकीत श्रीखंड होतं आणि वास ताज्या पावाचा होता.

पट्टी एकच आली. पण वायनेमाला तेवढ्याने समाधान नव्हतं. पट्टीला एखाददुसऱ्या मण्याचा फरक दिसत नाही, ती म्हणाली. विद्यापीठात प्रथिनांचं अचूक वजन करणारं यंत्र होतं, तिथे नमुना पाठवला. दोन दिवसांनी फोन आला. तिने ऐकलं, "परत एकदा वाचा," म्हणाली, परत ऐकलं, फोन ठेवला आणि मला म्हणाली, "चौऱ्याऐंशी. सगळे जागेवर."

त्या दिवशी क्विग्लींनी सगळ्यांना बार्बेक्यूला नेलं. बो-टाय काढून खिशात ठेवताना मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा बघितलं. बरगड्यांवर ताव मारताना त्यांनी वायनेमाला विचारलं, "एक सांग. मी म्हटलं तसं मणी बदलून भागलं असतं, तर तू गप्प बसली असतीस?"

"पूर्ण जोराने चाललं असतं तर बसले असते."

"खरं?"

"नाही," ती म्हणाली, आणि सॉसची बाटली त्यांच्याकडे सरकवली.

औषध लगेच दुकानात आलं नाही. तशी काही घाई नसते या गोष्टींत. आधी प्राणी, मग थोडी माणसं, मग जास्त माणसं. माणसांवरची तपासणी सुरू झाली तेव्हा मी वायनेमाला विचारलं की मावशींचं नाव घातलंस ना. तिने मान हलवली. बनवणाऱ्याच्या घरातलं माणूस तपासणीत चालत नाही. ते तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मावशींना तिने हे सांगितलं तेव्हा मी तिथेच होतो. व्हरांड्यात बसून मावशी मक्याची कणसं सोलत होत्या.

"म्हणजे एवढं करून मला मिळणार नाही?"

"मिळेल. सगळ्यांना मिळेल तेव्हा."

"बरं झालं," मावशी म्हणाल्या. "पहिल्यांदा टोचून घेणाऱ्यांत मला नव्हतं जायचं. कुणीतरी शहाणं आधी टोचून घेऊ दे. मला काही झालं असतं तर तू जन्मभर माझ्या थडग्यावर येऊन रडत बसली असतीस, आणि मला तिथेही शांतता मिळाली नसती."

"मी रडत नाही, धाकटे आई."

"माहीत आहे. शिट्ट्या वाजवत बसली असतीस. ते जास्त वाईट."

बऱ्याच वर्षांनी मावशींना ते मिळालं. तोवर त्या सत्तरीच्या पुढे गेल्या होत्या. रोज मांडीत सुई टोचावी लागे. त्या सुईबद्दल त्यांनी जेवढी कुरकुर केली तेवढी आधीच्या आयुष्यात हात वळल्याबद्दल कधी केली नव्हती. पण गोळ्या सहावरून एकावर आल्या. आणि एका शनिवारी मी गेलो तेव्हा त्या भाच्याच्या मुलीला मण्यांचं काम शिकवत होत्या. इतके बारीक मणी, इतकी बारीक सुई, की मला चष्म्यातूनही दिसेनात. बोटं सरळ चालत होती. वायनेमा आणि मी नुसते बघत बसलो.

आमचा कारखाना पुढे न्यू जर्सीवाल्यांनी विकत घेतला आणि काम पूर्वेकडे हलवलं. वायनेमाला मोठं पद देऊ केलं. ती गेली नाही. विक्रीच्या वेळी तिने एकच अट घातली होती. कातडीवरची कात्री नसलेलं ते वाण, त्यातलं आमचं जनुक काढून, शिकवणाऱ्या आणि शिकणाऱ्या कुणालाही फुकट मिळालं पाहिजे. वकिलांनी तोंडं वाकडी केली. क्विग्लींनी सांगितलं की ही अट नसेल तर मीही सही करणार नाही. मग झाल्या सह्या. आता ते वाण कुठकुठल्या देशांत गेलंय याचा तिलाही पत्ता नाही. कुणी त्यात लस बनवतं, कुणी रक्त गोठवणारं प्रथिन, कुणी कापडं धुवायच्या पावडरीतलं काही. कुणी तिचं नाव छापतात, बरेचसे छापत नाहीत. मी एकदा चिडून विचारलं तर म्हणाली, "डॉयल, तू टाकी धुतोस तेव्हा नाव लिहितोस का तिच्यावर?"

"लिहिलं असतं, जागा असती तर."

"खोटारडा."

क्विग्ली निवृत्त झाले आणि मधमाश्या पाळतात. दर नाताळाला आम्हा दोघांना मधाची बाटली पाठवतात, सोबत मधात कुठल्या शर्करा किती आहेत त्याचं पत्र. वायनेमा ओकमल्गीला तिच्या लोकांच्या कॉलेजात शिकवते. प्रयोगशाळा एका जुन्या शाळेच्या खोलीत आहे. तिथे तिने एक छोटी टाकी बसवून घेतली आहे, आणि ती नीट चालते की नाही हे बघायला मी मंगळवारी जातो. म्हणजे तसं कारण सांगतो. खरं कारण तिच्याबरोबर जेवायचं असतं.

गेल्या मंगळवारी ती फळ्यासमोर उभी होती. समोर तिच्या वर्गातली मुलंमुली, आणि फळ्यावर एक नवीच माळ, तीनशेच्या वर मण्यांची. यीस्ट आता ती कातरत नाही, अखंड बाहेर टाकतं. पण टाकताना तिच्यावर आपल्याच मनाने साखरेचे लांबलचक झुबके बांधतं. माणसाच्या शरीराला ते झुबके चालत नाहीत.

"मग काय करायचं?" एका मुलाने विचारलं. "मणी बदलायचे, म्हणजे झुबके बांधायला जागाच राहणार नाही."

वायनेमाने खडू खाली ठेवला, हात झटकले आणि म्हणाली, "ते एक झालं. दुसरं सांगा. यीस्टला झुबके बांधायला शिकवलं कुणी, ते आधी शोधू या."

मुलांनी वह्या उघडल्या, आणि मी टाकीची झडप तपासायला मागे गेलो.